मिआटासाठी ऑटोक्रॉसचे टायर आणि सस्पेन्शन: आधी पैसे कुठे घालू?

डेट्रॉइटचा_दत्तू

मंडळी, इथे गाड्यांवर बोलणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय.

गाडी: २०१९ ची माझदा एमएक्स-५ मिआटा (एनडी२, म्हणजे एनडी पिढीचं सुधारित मॉडेल), क्लब ट्रिम. २ लिटर, १८१ हॉर्सपॉवर, मॅन्युअल. बिल्स्टाइनचे शॉक आणि मागचं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एलएसडी, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) कंपनीतूनच आलंय. रिम १७ इंची, ७ इंच रुंद, टायर २०५/४५ आर१७.

गेला सीझन एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) लोकल ऑटोक्रॉसला कंपनीच्याच टायरवर पळालो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठ्या पार्किंग लॉटमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी कोन मांडून वळणावळणाचा कोर्स आखतात. घड्याळ लावून एकेक गाडी सोडतात, मिनिटभरात खेळ खलास. कोन पाडला की २ सेकंद दंड, कोर्स चुकलात तर ती फेरी बाद. शेजारून दुसरी गाडी पळत नसल्यामुळे घरून परवानगी मिळाली.

आता प्रश्न.
टायर कोणता? ब्रिजस्टोन आरई-७१आरएस, योकोहामा ए०५२ की हँकूक आरएस४?
सस्पेन्शनमध्ये काय? लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारे) आणि पुढेमागे स्वे बार (वळणात झुकणं कमी करणारा दांडा) घ्यावेत असं मनात आहे. कॉइलओव्हरही (स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र संच) बघतोय.
बजेट अडीच हजार डॉलर. पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करतात तिथे) चौघांना विचारलं, पाच सल्ले मिळाले.

गाडीवान

पहिला!
वाचतोय. (गाडी: अल्टो, उद्देश: ज्ञानवर्धन)

खडूस_मेकॅनिक

दत्तूशेठ, काहीही विकत घ्यायच्या आधी नियमपुस्तिका उघडा. तुम्ही विचारताय टायर आणि सस्पेन्शन, पण खरा प्रश्न आहे की पळणार कुठल्या क्लासमध्ये.

स्ट्रीट क्लासमध्ये (जवळपास कंपनीतून आल्या तशाच गाड्यांचा) तुम्हाला शॉक बदलता येतात, पण स्प्रिंगला हात लावायचा नाही आणि गाडीची उंची कंपनीने दिली तीच. स्वे बार पुढचा किंवा मागचा, दोन्हींपैकी एकच. रिमची रुंदी मूळचीच. ब्रेक पॅड बदला, कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा एक्झॉस्ट बदला, अलाइनमेंट कारखान्याने ठेवलेल्या बोल्टांत जितकी होईल तितकी करा. बस.

म्हणजे तुमच्या यादीतले लोअरिंग स्प्रिंग लावले त्या दिवशी तुम्ही स्ट्रीटमधून बाहेर. दोन्ही बार बदलले, तरी बाहेर. मग बसणार स्ट्रीट टूरिंगमध्ये, जिथे जास्त बदलांना मुभा आहे. तिथल्या मिआटांना रुंद रिम, रुंद टायर, महागडे कॉइलओव्हर आणि वर्षानुवर्षांचं सेटिंग. तुम्ही दोनशे-तीनशे डॉलरचे स्प्रिंग लावून त्यांच्यात जाणार आणि घरी येऊन म्हणणार, गाडीत दम नाही.

स्ट्रीटमध्येच राहा. पैसे पुढील क्रमाने: टायर, अलाइनमेंट, मग बाकीचं. आणि क्लासची विभागणी अधूनमधून बदलते, तेव्हा चालू वर्षाची पुस्तिका बघा. पॅडॉकमधल्या दाढीवाल्याला विचारू नका.

सांगलीची_सुमन

गाडीतलं मला काही कळत नाही, पण दोन सीटची गाडी घेतल्यावर सासू-सासरे भारतातून आले की विमानतळावर कोण कोणाच्या मांडीवर बसतं ते सांगा.

डेट्रॉइटचा_दत्तू

सुमनताई, ते आले की बायकोची होंडा सीआर-व्ही. मिआटाच्या डिकीत १३० लिटर जागा आहे, तिथे आईची लोणच्याची बरणीसुद्धा आडवी ठेवावी लागेल.

खडूसभाऊ, स्प्रिंगचं माहीत नव्हतं. बरं झालं विचारलं. पण टायर? एवढे सगळे '२०० ट्रेडवेअर' (टायरवर छापलेला झिजेचा आकडा) आहेत, मग फरक कशात?

खडूस_मेकॅनिक

तो २०० चा आकडा काही सरकार मोजून देत नाही. चाचणीची पद्धत ठरलेली आहे, टेक्सासमधल्या रस्त्यावर ७२०० मैल टायर पळवायचे, सोबत एक प्रमाण टायर. पण चाचणी कंपनी करते आणि आकडाही कंपनीच छापते. २०१४ मध्ये एससीसीएने जुन्या स्टॉक क्लासमधले रेसिंग टायर बंद करून स्ट्रीट आणला, पहिल्या वर्षी किमान १४०, पुढच्या वर्षी २००. त्यानंतर टायर कंपन्यांनी काय करायचं ते केलं. आज २०० लिहिलेला एक टायर तीन-चार सीझन पुरतो आणि २०० च लिहिलेला दुसरा एका सीझनमध्ये गुळगुळीत होतो.

तुमच्या तिघांचं थोडक्यात. ए०५२ थंड असतानाच पकडतो, पहिल्या फेरीपासून. एकाच फेरीचा वेग बघायचा तर बहुतेक ठिकाणी तोच सरस. पण लवकर तापतो, तापला की लोण्यासारखा सरकतो, आणि झिजतोही भराभर. आरई-७१आरएस त्याच्या अगदी जवळ, स्टिअरिंगला जास्त चटपटीत, उष्णता थोडी जास्त सोसतो. आरएस४ दणकट, पुरवठ्याला येणारा, पण वेळेत मागे. मधल्या रांगेत कुम्हो व्ही७३०, फाल्कन आरटी६६० वगैरे मंडळी आहेत.

जिंकायचं असेल तर पहिल्या दोघांतला एक. प्रश्न मिटला.

बिनकामाचा_बाळ्या

आमच्याकडे सिंहगड रोडवर रोज ऑटोक्रॉस असतो. कोनांऐवजी टू-व्हीलर. प्रवेश फी नाही.

गाडीवान

@बाळ्या, तिथे सगळेच कोर्स चुकतात, सगळ्यांच्याच फेऱ्या बाद!

ह्यूस्टन_हायवे

खडूसभाऊ, प्रश्न मिटला नाही. माणूस दुसऱ्याच सीझनमध्ये आहे. त्याला हजारभर डॉलरचे टायर घालून देणार, जे वर्षात संपणार? त्यापेक्षा आरएस४ घ्या, उरलेल्या पैशांत चार जास्त इव्हेंट आणि एक ड्रायव्हिंग स्कूल. इव्होल्यूशन स्कूलसारख्या ठिकाणी दिवसभरात जितकं शिकवतात तितकं कुठलाही टायर शिकवत नाही. शिवाय आरएस४ हळूहळू सुटतो, आवाज करतो, सांगून सुटतो. नवीन माणसाला चूक कुठे झाली ते कळतं. ए०५२ चुका झाकतो.

खडूस_मेकॅनिक

'कमी पकडीचा टायर चांगलं शिकवतो' हे मी वीस वर्षं ऐकतोय. नवीन माणूस कमी पकडीच्या टायरवर काय शिकतो? स्टिअरिंग जास्त फिरवायला. पुढचे टायर घसरतायत, हा अजून फिरवतोय, अजून घसरतायत. मग चांगला टायर घातला की तीच सवय घेऊन येतो आणि पुढच्या टायरच्या कडा खाऊन टाकतो.

स्कूलबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

ह्यूस्टन_हायवे

वीस वर्षं ऐकताय म्हणजे वीस वर्षं कोणीतरी सांगतंय, त्यात काहीतरी असेलच की.

डॅम्परदादा

उशिरा आलो, माफी. माझं पोटापाण्याचं काम शॉक ॲब्सॉर्बरचंच आहे, तेव्हा सस्पेन्शनवर थोडं विस्ताराने लिहितो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

ऑटोक्रॉसमध्ये गाडी एका वळणात स्थिर झुकून फार वेळ राहत नाही. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, सतत भार या अंगावरून त्या अंगावर जातो. स्प्रिंग आणि स्वे बार ठरवतात की गाडी शेवटी किती झुकणार. तिथवर किती चटकन पोचणार ते शॉक ठरवतो. आणि स्लॅलममध्ये (कोनांच्या रांगेतून नागमोडी जाताना) गंमत अशी की गाडी पूर्ण झुकायच्या आतच तुम्ही स्टिअरिंग उलटं फिरवलेलं असतं. म्हणून स्ट्रीट क्लासमध्ये, जिथे स्प्रिंग बदलायची मुभा नाही, तिथे चांगले शॉक सोन्याच्या भावाने विकले जातात. नियमात बाहेरून फिरवायच्या जास्तीत जास्त दोन ॲडजस्टमेंट चालतात, लोक दोन्ही पुरेपूर वापरतात.

पण एक धोक्याचा कंदील. ॲडजस्ट होणारे शॉक हातात आले की माणूस रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडतानाचा विरोध) घट्ट करत सुटतो, कारण दोन-चार क्लिकनंतर गाडी एकदम चपळ वाटायला लागते. अति केलंत की उंचवट्यावर दबलेलं चाक वेळेत खाली येत नाही, तोवर पुढचा उंचवटा येतो, चाक अजून दबतं. गाडी बसत बसत बंप स्टॉपवर (सस्पेन्शनच्या टोकाचा रबरी अडथळा) जाऊन टेकते आणि पकड फटकन जाते. सगळे टायरला शिव्या घालतात, टायर बिचारा निर्दोष असतो. जुन्या डांबरी लॉटवर हे फार दिसतं. लिंकन, नेब्रास्काला नॅशनल्स होतात तिथलं काँक्रीट वेगळं, तिथली सेटिंग तुमच्या स्टेडियमच्या पार्किंगमध्ये उचलून लावू नका.

लोअरिंग स्प्रिंगचा विषय क्लासमुळे संपलाच, तरी सांगतो. गाडी खाली आली की दिसते देखणी, पण चाकाला वर जायला जागा कमी उरते. शिवाय गुरुत्वमध्य जेवढा खाली येतो त्याहून रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) बऱ्याचदा जास्त खाली जातं, म्हणजे झुकण्याची ओढ कमी होण्याऐवजी वाढते. फोटोसाठी उत्तम.

आता स्वे बार. पुढे जाड बार लावला की वळणात पुढच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार जातो, थोडं अंडरस्टिअर (पुढचे टायर आधी घसरणं) येतं. बदल्यात मागचं आतलं चाक जमिनीला टेकून राहतं आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर लवकर देता येतो. साधं ओपन डिफरन्शियल असलेल्या गाडीत हा फायदा फार मोठा. तुमच्याकडे एलएसडी आहे, आणि पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) असल्यामुळे झुकल्यावर कॅम्बरही (चाकाचा आत-बाहेरचा कल) स्ट्रटवाल्या गाड्यांइतका बिघडत नाही. म्हणून माझं मत, बारची घाई नको. कंपनीचे बिल्स्टाइन राहू द्या, वर्षभर नव्या टायरवर पळा, मग ठरवा.

खडूस_मेकॅनिक

दादा, एवढं सुंदर लिहिलंत आणि शेवटी घोळ केलात. एनडी इतकी झुकते की बाहेर उभ्या माणसाला आतली सीट दिसते. पुढचा बार तीनशे-चारशे डॉलरचा, दोन तासांचं काम, आणि स्टिअरिंगला गाडी लगेच उत्तर देते. चांगल्या शॉकच्या किमतीत असे पाच-सहा बार येतील. वेगवान स्ट्रीट मिआटांखाली वाकून बघा, पुढे जाड बार नाही अशी गाडी शोधून दाखवा.

डॅम्परदादा

त्या वेगवान मिआटांखाली अडीच-तीन हजारांचे शॉकही दिसतील, आणि बार त्यांच्या हिशोबाने निवडलेला असतो. मी बार नको म्हटलं नाही, आधी नको म्हटलं. झुकणं डोळ्यांना दिसतं म्हणून त्याची भीती जास्त वाटते. घड्याळाला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

नाशिकचा_धुरळा

इथल्या ऑटोक्रॉसची गंमत सांगतो. आपल्याकडे एफएमएससीआयच्या (भारतातली मोटरस्पोर्ट संघटना) नियमांखाली होणारे ऑटोक्रॉस बऱ्याचदा मातीत असतात, त्यामुळे वरचं सगळं गणित उलटं. रुंद टायर घातला तर तो मोकळ्या मातीवर तरंगतो. अरुंद टायर माती कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो. उंच साइडवॉल हवी, सस्पेन्शनला भरपूर प्रवास हवा, गाडी उंच हवी आणि खाली इंजिनच्या पोटाला जाड पत्रा. स्वे बार तर काही जण काढूनच ठेवतात, म्हणजे चारही चाकं आपापली खड्ड्यात उतरतात.

आणि रस्त्यावरच्या गाडीत फार काही बदलायची सोय नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल नोंदणीत चालणार नाहीत. त्यामुळे स्पर्धेची गाडी ट्रकवर घालूनच आणलेली बरी.

श्टुटगार्टची_शेवंता

इथे जर्मनीत तर नुसते स्प्रिंग बदलले तरी टीयूव्हीवाल्याला (गाड्या तपासणारी संस्था) गाडी दाखवून कागदावर चढवून घ्यावं लागतं. कोनांमधून पळायचा हाच खेळ इथे 'स्लॅलम' नावाने चालतो, एडीएसीचे (इथली वाहनचालकांची संघटना) क्लब भरवतात. कागद नसले तर इन्शुरन्सवाले अपघातानंतर हात वर करतात. बाकी चालू द्या.

काटकोन

सगळे टायर आणि शॉकवर तुटून पडलेत, अलाइनमेंटला कोणी विचारत नाही. शंभर-दीडशे डॉलरमध्ये सगळ्यात जास्त फायदा तिथेच आहे.

मिआटाच्या पुढच्या खालच्या आर्मला दोन एक्सेंट्रिक बोल्ट असतात. दोन्ही फिरवून कॅम्बर आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बदलतात, पण एकाचं काढून दुसऱ्याला द्यावं लागतं. तुम्हाला कॅम्बर हवाय, म्हणून कॅस्टर सोडायचा. दुकानदाराला सांगायचं: पुढे जितका निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत) निघेल तितका काढ, डावा-उजवा सारखा ठेव, मागे त्याहून जरासा कमी. टो (वरून बघितल्यावर चाकांची तोंडं आत की बाहेर) पुढे शून्य, मागे किंचित आत. बसल्यावर गाडीचा तोल बदलतो, म्हणून ड्रायव्हर सीटवर आपल्या वजनाची वाळूची पोती ठेवायची.

अडचण इतकीच की साखळीवाल्या दुकानात स्क्रीनवर आकडे हिरवे झाले की मुलगा थांबतो. एका ठिकाणी मला 'सर, एव्हरीथिंग इज ग्रीन' म्हणत गाडी परत दिली, पुढे डावा कॅम्बर उणे ०.३ अंश, उजवा उणे ०.९. त्याच्या दृष्टीने दोन्ही पास. तेव्हा आधी विचारा, माझ्या आकड्यांवर करशील का? हो म्हणाला तरच गाडी रॅकवर चढवा.

हवा: दारावरच्या पट्टीवर २९ पीएसआय लिहिलंय, ते रस्त्यासाठी. खांद्यावर जिथे टायरचा छोटा त्रिकोण छापलेला असतो तिथे खडूने आडवी रेघ मारा, फेरी झाली की बघा. खडू त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला गेला तर टायर लवंडतोय, हवा वाढवा. त्रिकोणाच्या बराच वर राहिला तर कमी करा. प्रत्येक टायरचा आकडा वेगळा निघतो, दुसऱ्याचा उचलू नका.

ह्यूस्टन_हायवे

+१. खडू तर फुकटच!

रुंदीबद्दल कोणी बोललं नाही. ७ इंची रिमवर २२५/४५ पण चढतो, बरेच जण चढवतात. जास्त रबर मिळतं. घ्यावा का?

काटकोन

चढतो, पण फुकट नाही. २०५/४५ चा व्यास साधारण ६१६ मिलिमीटर, २२५/४५ चा ६३४. म्हणजे गाडी ९ मिलिमीटर उंच आणि गिअरिंग जवळपास ३ टक्क्यांनी लांब. अख्खा कोर्स दुसऱ्या गिअरमध्ये जातो, तिथे हे जाणवतं. शिवाय अरुंद रिमवर साइडवॉल फुगते आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर विचार करते. २१५/४५ हा मधला मार्ग. टायरचं मॉडेल ठरवायच्या आधी ते कुठल्या मापात मिळतंय ते बघा, अर्धा निर्णय तिथेच होतो.

डेट्रॉइटचा_दत्तू

काय लिहिलंय मंडळींनी! वाखू (वाचनखूण) साठवली.

म्हणजे स्ट्रीटमध्येच राहायचं, स्प्रिंग रद्द, कॉइलओव्हर रद्द, आधी टायर आणि अलाइनमेंट. बारवर तुमचं एकमत होईपर्यंत थांबतो. टायरमध्ये मग ए०५२ कडे झुकतोय, कारण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये थंडी असते आणि लगेच पकड हवी. या वर्षी बायकोही याच गाडीवर पळणार आहे, तेव्हा दोघांनाही ती पहिल्या फेरीची पकड मिळेल.

खडूस_मेकॅनिक

अहो!! हे आधी सांगायचं ना!

एका गाडीवर दोन ड्रायव्हर म्हणजे टायरला श्वास घ्यायला वेळच नाही. एक आला, हेल्मेट बदललं, दुसरा सुटला. जुलै-ऑगस्टमध्ये ए०५२ तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत शिजतो. फवारणीचा पंप घेऊन प्रत्येक फेरीनंतर पाणी मारत बसाल, तरी पुरणार नाही. आणि झीज दुप्पट, हे वेगळंच.

मत बदललं. तुमच्यासाठी आरई-७१आरएस. पंप मात्र घ्याच, बागेला मारायचा साधा दोन गॅलनवाला.

ह्यूस्टन_हायवे

आणि दुप्पट झीज धरली तर आरएस४ चा हिशोब अजून पक्का. तापला तरी कुरकुरत नाही. मी फक्त सांगतोय.

डॅम्परदादा

या वेळी मी ह्यूस्टनच्या अर्ध्या बाजूने. दोन ड्रायव्हर, दुसरं वर्ष, उन्हाळी लॉट. पहिला सेट व्ही७३० सारखा मधल्या रांगेतला घ्यायलाही हरकत नाही.

दत्तूची_बायको

खास या धाग्यासाठी खातं उघडलं. दत्तूने एक माहिती द्यायची विसरली आहे. गेल्या सीझनच्या शेवटच्या फन रनमध्ये (निकालात न धरलेल्या मजेच्या फेरीत) मी याच गाडीवर, याच टायरवर त्याच्यापेक्षा कमी वेळ काढला होता. तर सल्ला मुख्य ड्रायव्हरला धरून द्यावा.

सांगलीची_सुमन

अगं बाई! आता धागा खरा सुरू झाला. बटाटेवडे घेऊन बसलेय.

बिनकामाचा_बाळ्या

दत्तूशेठ, टायर राहू द्या, आधी ड्रायव्हर अपग्रेड झालाय.

डेट्रॉइटचा_दत्तू

त्या फेरीत माझा एक कोन पडला होता. कच्चा वेळ माझाच कमी होता.

दत्तूची_बायको

दोन पडले होते.

खडूस_मेकॅनिक

वहिनी, मग पहिली फेरी कोण घेणार ते ठरवून टाका. ए०५२ असता तर पहिला ड्रायव्हर फायद्यात, दुसऱ्याला तापलेला टायर. ७१आरएस एखाद्या फेरीने जागा होतो, थंडीत दुसऱ्याचा फायदा. एप्रिलमध्ये एक क्रम, ऑगस्टमध्ये उलटा. सीटचं अंतर दोघांचं वेगळं असेल तर रुळावर टेपची खूण करा, त्या धावपळीत वेळ मिळत नाही.

श्टुटगार्टची_शेवंता

मिशिगनात आहात म्हणून एक. असले टायर कडाक्याच्या थंडीत काचेसारखे कडक होतात, गोठलेल्या टायरवर गाडी हलवली की ट्रेडला चिरा जाऊ शकतात. नोव्हेंबरात काढून घरात ठेवा, उघड्या गॅरेजमध्ये नको. आणि त्या टायरवर हिवाळ्यात चुकूनही दूध आणायला जायचं नाही.

डेट्रॉइटचा_दत्तू

ठरलं. २१५/४५ मध्ये आरई-७१आरएस, जुन्या रिमचा दुसरा सेट आणि काटकोनच्या आकड्यांवर अलाइनमेंट. उरलेल्यात दोघांचं स्कूल. शॉक पुढच्या वर्षी.

पण दुसरा सेट न्यायचा कसा? चार चाकं, जॅक, पंप, दोन हेल्मेट, आणि डिकी १३० लिटर.

काटकोन

मिआटाला मागे हिच लावून चार चाकं वाहून नेणारी चिमुकली ट्रेलर ओढणारे बरेच आहेत, पॅडॉकमध्ये दिसतीलच. किंवा नवे टायर घालूनच ग्राउंडवर जा, अंतर किती आहे?

दत्तूची_बायको

ट्रेलर नको. मी सीआर-व्हीत चाकं घेऊन मागून येते. मिआटा तो नेईल, परत मी आणेन.